दोष कामगाराचा की पद्धतीचा? गुणवत्ता नियंत्रणाचे संख्याशास्त्र घरबसल्या शिकण्याविषयी

महिन्याची मीटिंग सुरू आहे. फळ्यावर चार ऑपरेटरांची नावे आणि प्रत्येकासमोर त्या महिन्यात रिजेक्ट झालेले नग लिहिले आहेत. सात, बारा, नऊ, पंधरा. चौघांनी जवळपास सारखेच नग काढलेत. पंधरावाल्याला सगळ्यांसमोर उभे करून जाब विचारला जातो, सातवाल्यासाठी टाळ्या वाजतात. पुढच्या महिन्यात आकडे उलटे होतात. मग सुपरवायझर म्हणतो, "टाळ्या मिळाल्या आणि याच्या डोक्यात हवा गेली."

चाकण, वाळूज, सातपूर किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत काम केलेल्यांना हे दृश्य नवे नाही. त्या पंधरावाल्याच्या जागी आपला भाऊ असतो, मित्र असतो, कधी आपण स्वतः असतो. कंत्राटी असेल तर त्या एका आकड्यावर त्याचे पुढचे काम टिकते किंवा जाते.

आता जरा हिशेब करू. चौघांची सरासरी 10.75. अशा मोजदादीत सरासरीचे वर्गमूळ काढून त्याची तिप्पट सरासरीत मिळवायची आणि सरासरीतून वजा करायची. वर्गमूळ सुमारे 3.28, तिप्पट 9.84. म्हणजे एकाच पद्धतीने, एकाच मालावर, सारख्याच मशीनवर काम करणाऱ्या माणसांचे आकडे नुसत्या योगायोगाने साधारण 1 ते 20 या पट्ट्यात कुठेही पडू शकतात. सात आणि पंधरा दोन्ही त्या पट्ट्याच्या आत आहेत. म्हणजे या आकड्यांवरून एक जण हुशार आणि दुसरा निष्काळजी असे म्हणायला काहीही आधार नाही.

मित्रांनो, पाच मिनिटांचा हा हिशेब ज्या विषयात शिकवतात त्याचे नाव स्टॅटिस्टिकल क्वालिटी कंट्रोल, म्हणजे संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण. त्याचा जोडविषय रिलायबिलिटी, म्हणजे वस्तू किती काळ भरवशाने चालेल याचे गणित. इंजिनीअरिंग मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात हे दोन्ही विषय असतात आणि आज ते मोबाईलवर, बहुतांशी फुकट शिकता येतात. आयटीआय, डिप्लोमा, बीएस्सी किंवा बीई केलेल्या आपल्या मुलामुलींनी ते का आणि कसे शिकावेत, ते या लेखात पाहू.

शंभर वर्षांपूर्वीचा एक पानी कागद

अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी टेलिफोनची यंत्रसामग्री बनवत असे. तिथे वॉल्टर शेवहार्ट नावाचे भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. 16 मे 1924 रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटे टिपण पाठवले. त्यात एक आलेख होता. जगातला पहिला कंट्रोल चार्ट तोच.

शेवहार्ट यांची मांडणी साधी होती. कोणत्याही कामात फरक पडतोच. एकाच मशीनवर, एकाच माणसाने काढलेले दोन नग अगदी तंतोतंत सारखे नसतात. हा फरक दोन प्रकारच्या कारणांनी येतो. पहिली नेहमीची कारणे. ती पद्धतीतच मुरलेली असतात, जसे मालातला थोडा कमीजास्तपणा, मशीनचा जुनेपणा, हॉलमधले तापमान, घाईघाईत दिलेले ट्रेनिंग. दुसरे खास कारण. ते बाहेरून अचानक येते, जसे इन्सर्ट तुटला, चुकीच्या ग्रेडचा बार आला, फिक्स्चरचा बोल्ट ढिला झाला.

दोन्हींवरचा उपाय वेगळा असतो. खास कारण घडले की तिथल्या तिथे शोधायचे, आणि हे काम ऑपरेटर किंवा लाइनवरचा माणूस करू शकतो. नेहमीची कारणे कमी करायची तर पद्धत बदलावी लागते, आणि ते व्यवस्थापनाच्या हातात असते. नवे मशीन, चांगला पुरवठादार, नीट ट्रेनिंग या गोष्टी ऑपरेटर ठरवत नाही. कंट्रोल चार्टवरच्या दोन रेषा सांगतात की समोरचा फरक कोणत्या जातीचा आहे. रेषेच्या आत असेल तर तो नेहमीचा. बाहेर गेला तर खास कारण शोधा.

हे ज्ञान भारतात फार उशिरा आले असेही नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी 1931 मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती. त्यांच्या निमंत्रणावरून 1947-48 मध्ये शेवहार्ट स्वतः भारतात येऊन गेले. पुढे या संस्थेने मुंबई-पुण्यासह अनेक औद्योगिक शहरांत गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रे चालवली.

लाल मण्यांचा प्रयोग

शेवहार्ट यांचा विचार जगभर नेला तो विल्यम एडवर्ड्स डेमिंग यांनी. 1950 मध्ये त्यांनी जपानमधल्या इंजिनीअर आणि कारखानदारांना व्याख्याने दिली. जपानने पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने डेमिंग पारितोषिक सुरू केले. 1998 मध्ये सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाला ते मिळाले. भारतीय कंपनीला मिळालेले ते पहिले. 2003 मध्ये महिंद्रा अँड महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला मिळाले.

डेमिंग आपल्या शिबिरांत एक खेळ करून दाखवत. एका भांड्यात 4000 मणी, त्यातले 3200 पांढरे आणि 800 लाल. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे रिजेक्ट. सहा जणांना कामगार म्हणून उभे करत. प्रत्येकाने 50 खळगे असलेली पट्टी भांड्यात बुडवून वर काढायची. लाल मणी नकोत, अशी सक्त ताकीद. तपासनीस मोजणार, लेखनिक लिहिणार.

कोणाला पाच लाल मणी येतात, कोणाला चौदा. डेमिंग मालकाच्या भूमिकेत शिरून पाचवाल्याचे कौतुक करत आणि चौदावाल्याला झापत. घोषणा लावत, बक्षिसे देत, शेवटी 'निकृष्ट' कामगारांना काढून टाकत. तरीही लाल मणी येतच राहत. भांड्यात 20 टक्के लाल मणी आहेत, तर 50 मण्यांत सरासरी 10 येणारच. हिशेब केला तर नुसत्या योगायोगाने 2 ते 18 पर्यंत कितीही येऊ शकतात. कामगाराने जीव तोडून काम केले तरी त्यात फरक पडत नाही. मणी भांड्यात कोणी घातले, हा प्रश्न मात्र खेळात कोणीच विचारत नाही.

डेमिंग यांचा अनुभवावर आधारलेला अंदाज असा होता की कामातल्या अडचणींपैकी सुमारे 94 टक्के पद्धतीतून येतात आणि उरलेल्या 6 टक्के खास कारणांमुळे. हा आकडा प्रत्येक कारखान्याला जसाच्या तसा लागू होईल असे नाही. पण रिजेक्शनचा तक्ता पाहताना सुरुवात कुठून करायची, ते त्यातून कळते. आधी पद्धत तपासायची, मग माणूस.

याचा अर्थ ऑपरेटरची चूक कधीच नसते, असा नाही. एखाद्याचा आकडा महिनोन्‌महिने रेषेबाहेर जात असेल तर तिथे खास कारण आहेच. कदाचित त्याला चष्मा लागला असेल, कदाचित त्याला कोणी नीट शिकवलेच नसेल, कदाचित खरोखर निष्काळजीपणाही असेल. ते शोधलेच पाहिजे. पण रेषेच्या आतल्या माणसाला बदनाम करणे हा अन्याय तर आहेच, शिवाय त्यातून मालही सुधारत नाही.

ड्रॉइंगची मर्यादा वेगळी, कंट्रोल लिमिट वेगळी

हा विषय शिकताना सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून एक उदाहरण आकड्यांसह करू.

समजा, सीएनसी लेथवर 20 मिलिमीटर व्यासाची शाफ्ट काढतात. ड्रॉइंगवर मर्यादा अधिक-उणे 0.05, म्हणजे 19.95 ते 20.05. दर तासाला सलग पाच नग मायक्रोमीटरने मोजायचे. त्या पाचांची सरासरी आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या-लहान मापातला फरक, म्हणजे रेंज, लिहून ठेवायची. अशा 25 गटांनंतर सगळ्या सरासऱ्यांची सरासरी 20.008 आली आणि रेंजची सरासरी 0.030 आली असे धरू.

पाचच्या गटासाठी तक्त्यात 0.577 हा गुणक दिलेला असतो. 0.577 गुणिले 0.030 म्हणजे सुमारे 0.017. म्हणून सरासरीच्या चार्टवर वरची रेषा 20.025 आणि खालची 19.991. या रेषा मशीनने स्वतः दिल्या, ग्राहकाने नाही. गटाची सरासरी 20.030 आली तर नग ड्रॉइंगमध्ये बसेल, तरीही काहीतरी बिघडले आहे हे कळेल आणि रिजेक्शन सुरू होण्याआधी मशीन थांबवता येईल. हाच कंट्रोल चार्टचा खरा फायदा. गो-नोगो गेज माल खराब झाल्यावर सांगते, चार्ट आधी इशारा देतो.

आता पुढचा प्रश्न. हे मशीन ग्राहकाची मर्यादा पाळू शकते का? रेंजची सरासरी 0.030 भागिले 2.326 केली की प्रमाण विचलन मिळते, सुमारे 0.0129. ड्रॉइंगचा पूर्ण पट्टा 0.10. त्याला सहा विचलनांनी भागले की 1.29 येते. याला सीपी म्हणतात. पण मशीन बरोबर मध्यावर चालत नाही, ते 0.008 ने वर सरकले आहे. जवळच्या मर्यादेपासूनचे अंतर 0.042, त्याला तीन विचलनांनी भागले की 1.09 येते. हे सीपीके. वाहन उद्योगात ग्राहक साधारणपणे निदान 1.33 मागतो.

या दोन आकड्यांतून काय कळते? मापे नेहमीच्या घंटाकृती वितरणात असतील तर आत्ता दहा हजार नगांत पाच-सहा नग मर्यादेबाहेर जातील. टूलचा ऑफसेट फक्त आठ मायक्रॉनने बदलून मशीन मध्यावर आणले की हे प्रमाण दहा हजारांत एकावर येते. त्याला एक रुपयाही खर्च नाही. मात्र त्यानंतरही 1.33 गाठता येत नाही, कारण मशीनचा मूळ पसारच जास्त आहे. तो कमी करायला स्पिंडल, फिक्स्चर किंवा कच्चा माल पाहावा लागेल. ऑपरेटरवर ओरडून तो कमी होणार नाही. मीटिंगमध्ये हे वाक्य नुसते बोलले तर उद्धटपणा ठरतो. चार्टसह बोलले तर तो तांत्रिक मुद्दा होतो.

आणखी एक गोष्ट. मोजमापच चुकीचे असेल तर वरचा सगळा हिशेब वाया. म्हणून मोजमाप पद्धतीचीही परीक्षा घेतात. दोन-तीन माणसे, दहा नग, प्रत्येक नग दोन-तीन वेळा मोजायचा आणि एकूण फरकात मोजणीमुळे आलेला वाटा किती ते काढायचे. हा वाटा 10 टक्क्यांखाली असेल तर चांगला, 10 ते 30 मध्ये कामापुरता, 30 च्या वर असेल तर आधी गेज आणि मोजण्याची पद्धत सुधारा. दोन शिफ्टचे इन्स्पेक्टर एकाच नगावरून भांडत असतील तर बहुतेकदा भांडणाचे मूळ इथे सापडते.

रिलायबिलिटी: आज चालते, उद्या चालेल का?

गुणवत्ता नियंत्रण विचारते, नग आज बरोबर आहे का. रिलायबिलिटी विचारते, ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळापर्यंत तो चालेल याची शक्यता किती.

यातले पहिले गणित गुणाकाराचे. एका यंत्रात 100 भाग आहेत, त्यातला कोणताही एक बिघडला तर यंत्र बंद पडते. प्रत्येक भाग 99 टक्के भरवशाचा आहे. ऐकायला छान वाटते. पण 0.99 चा 100 वेळा गुणाकार केला की 0.366 येते. म्हणजे पूर्ण यंत्र चालण्याची शक्यता जेमतेम 37 टक्के. प्रत्येक भाग 99.9 टक्के भरवशाचा केला तर ती 90 टक्क्यांवर जाते. म्हणून विमान, रेल्वे सिग्नल किंवा व्हेंटिलेटर बनवणारे दशांशचिन्हानंतरच्या नवांसाठी झगडतात. जिथे भागाचा भरवसा वाढवता येत नाही तिथे जोडीला दुसरा ठेवतात. 90 टक्के भरवशाचे दोन पंप असे बसवले की एक बंद पडला तरी दुसरा चालेल, तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता फक्त 1 टक्का. अट एकच, दोघांना बंद पाडणारे कारण एकच नसावे. दोन्ही पंप एकाच वायरवर असतील तर हे गणित कोसळते.

दुसरी गोष्ट एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ. 10,000 तास असे छापलेले असले की लोक समजतात, वस्तू तेवढी चालणारच. पण बिघाडाचा दर कायम सारखा असेल तर 10,000 तासांपर्यंत फक्त 37 टक्के वस्तू बिघाडाविना टिकतात. सरासरी हा शब्द किती फसवा असतो, याचे हे चांगले उदाहरण.

तिसरी गोष्ट न्हाणीच्या टबासारखी वक्ररेषा. नव्या वस्तूत सुरुवातीला बिघाड जास्त, मग बराच काळ कमी, शेवटी झीज सुरू झाली की पुन्हा जास्त. बिघाड कोणत्या टप्प्यातला आहे हे ओळखायला स्वीडनचे वालोदी वायबुल यांच्या नावाचे वितरण वापरतात. सुरुवातीच्या बिघाडावर उपाय म्हणजे चांगली तपासणी, झिजेच्या बिघाडावर उपाय म्हणजे वेळेत बदल. मधल्या टप्प्यात वेळेवर भाग बदलून काही फायदा होत नाही, उलट नवा भाग बसवताना नवी चूक होण्याचा धोका असतो.

आकडे चुकीचे वाचले तर काय होते, याचे सगळ्यात दुःखद उदाहरण चॅलेंजर यानाचे आहे. 28 जानेवारी 1986 रोजी ते उड्डाणानंतर 73 सेकंदांत कोसळले आणि सातही अंतराळवीर मरण पावले. रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्या थंडीत नीट बसल्या नाहीत. आदल्या रात्री काही इंजिनीअर उड्डाण नको म्हणत होते. पण चर्चा होत होती ती कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांवरच, आणि तेवढ्यावरून तापमानाशी संबंध स्पष्ट दिसत नव्हता. इजा न झालेली उड्डाणेही धरली की चित्र उघडे पडते. सुमारे 19 अंश सेल्सिअस किंवा त्याहून उबदार असताना झालेल्या 20 उड्डाणांपैकी फक्त 3 मध्ये इजा. सुमारे 17 अंश किंवा त्याहून थंड असताना झालेल्या 4 पैकी चारही उड्डाणांत इजा. त्या सकाळी तापमान गोठणबिंदूच्या आसपास होते. बिघडलेल्या वस्तूंचीच नव्हे, न बिघडलेल्यांचीही नोंद ठेवायची, हा धडा त्यातून मिळाला.

शिकायचे कुठे आणि किती खर्चात

सुरुवातीला दहावी-बारावीचे गणित पुरे. सरासरी, वर्गमूळ, टक्केवारी आणि शक्यता एवढे येत असेल तर पुढचे जमते.

पहिली जागा एनपीटीईएल. आयआयटींसारख्या संस्थांच्या प्राध्यापकांचे हे कोर्स स्वयम या सरकारी मंचावर मिळतात. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये सत्र सुरू होते. क्वालिटी डिझाईन अँड कंट्रोल, सिक्स सिग्मा, रिलायबिलिटी इंजिनीअरिंग या नावांनी शोधा. आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापकांचे यावरचे कोर्स आहेत. नाव नोंदवणे, व्हिडिओ पाहणे, गृहपाठ सोडवणे फुकट. प्रमाणपत्र हवे असेल तरच फी भरून ठरलेल्या केंद्रावर परीक्षा द्यायची. शेवटच्या गुणात गृहपाठाचे 25 आणि परीक्षेचे 75. उत्तीर्ण व्हायला गृहपाठात किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 लागतात. कॉलेजात शिकत असाल तर स्वयमचे कोर्स क्रेडिट म्हणून धरण्याची तरतूद आहे. आपल्या विभागप्रमुखांना आधी विचारून घ्या.

परीक्षेची फी 1000 रुपये असते आणि अनुसूचित जाती-जमाती व अपंग उमेदवारांना निम्मी सवलत मिळते. अर्ज भरताना त्या सत्राची फी आणि शेवटची तारीख पाहून घ्या. इथे आपल्या मुलांची एक अडचण होते. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या मूळच्या अनुसूचित जातींनाही केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत. पण राज्याच्या कामासाठी काढलेला दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा असतो. शेवटच्या दिवशी धावपळ नको, केंद्राच्या नमुन्यातला दाखला आधीच काढून ठेवा. तो पुढे इतर ठिकाणीही लागतो.

दुसरी जागा, अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेचे संख्याशास्त्रीय पद्धतींचे ऑनलाइन हँडबुक. पूर्ण फुकट आणि विश्वासाचे. पुस्तकांत डग्लस माँटगोमेरी यांचे इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल क्वालिटी कंट्रोल जगभर चालते. एम. महाजन यांचे पुस्तक आपल्याकडच्या डिप्लोमा-डिग्रीच्या मुलांना सोपे जाते. कॉलेजच्या लायब्ररीत दोन्ही सापडतात.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नका. लिबरऑफिस किंवा एक्सेलमध्ये कंट्रोल चार्ट काढता येतो. आर ही भाषा फुकट आहे आणि त्यात क्यूसीसी नावाचे तयार पॅकेज आहे. कंपनीत मिनिटॅब असेल तर तिथे शिका, घरी विकत घ्यायची गरज नाही.

पुढे जायचे असेल तर भारतीय सांख्यिकी संस्थेत गुणवत्ता, रिलायबिलिटी आणि ऑपरेशन्स रिसर्च या विषयांत एम.टेक. आणि क्वालिटी मॅनेजमेंट सायन्समध्ये मास्टर्स आहे. तिथे प्रवेश परीक्षा कठीण असते, पण निवड झाल्यास विद्यावेतन मिळते. पैशाअभावी मागे राहणाऱ्या हुशार मुलांनी हे नाव लक्षात ठेवावे.

एक सावधगिरी. दोन दिवसांत ग्रीन बेल्ट, तेही परीक्षेशिवाय, अशा जाहिराती रोज दिसतात. मुलाखतीत कोणी रिकामा तक्ता पुढे ठेवून कंट्रोल लिमिट काढायला सांगितली की असा बेल्ट गळून पडतो.

व्हिडिओ पाहून हा विषय येत नाही

ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांची खरी गळती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होते. शिफ्ट करून घरी आल्यावर इंग्रजीतला तासभराचा व्हिडिओ पाहताना डोळे मिटतात. म्हणून काही साधे उपाय.

व्हिडिओ वीस मिनिटांच्या तुकड्यांत पाहा. एका वहीत प्रत्येक संज्ञेचा अर्थ आपल्या शब्दांत मराठीत लिहा. काही कोर्सची मराठी लिखित प्रतही मिळते, ती आहे का ते पाहा. उदाहरण प्राध्यापकांनी सोडवले की व्हिडिओ थांबवून कॅल्क्युलेटरवर स्वतः सोडवा.

आठवड्याला एक खरा डेटा गोळा करा. कंपनीचे आकडे परवानगीशिवाय बाहेर आणू नका, त्याने नोकरी जाऊ शकते. त्याची गरजही नाही. रोजची बस किती मिनिटे उशिरा आली ते महिनाभर लिहा. पाच रुपयांच्या बिस्किटाचे पुडे तराजूवर तोला. नळाला पाणी किती वाजता आले आणि किती वेळ होते त्याची नोंद ठेवा. या आकड्यांचा कंट्रोल चार्ट काढा. पाणी एक दिवस आले नाही, हे खास कारण होते की ही पद्धतच अशी आहे, हे चार्टवरून सांगता येते. नगरसेवकाकडे निवेदन घेऊन जाताना असा तीस दिवसांचा चार्ट हातात असेल तर बोलणे वेगळे होते.

लाल मण्यांचा खेळ पाच-सहा जणांच्या गटात करून पाहा. 400 पांढरे आणि 100 लाल मणी बाजारात सहज मिळतात. पट्टी नसेल तर डोळे मिटून 50 मणी काढा. अभ्यासिकेत, वाचनालयात कुठेही करता येईल. तासाभरात मुलांना जे कळते ते तीन व्हिडिओंत कळत नाही. गटाने एकाच कोर्सला नाव नोंदवले तर गळतीही कमी होते, कारण गृहपाठाची तारीख कोणीतरी आठवण करून देतो.

नोकरीत उपयोग काय

वाहन उद्योगातल्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना आयएटीएफ 16949 हे मानक पाळावे लागते. त्यासोबत पाच साधने येतात आणि त्यांपैकी तीन या अभ्यासाशी थेट जोडलेली आहेत: एसपीसी म्हणजे कंट्रोल चार्टचे काम, एमएसए म्हणजे मोजमापाची परीक्षा आणि एफएमईए म्हणजे बिघाड काय होऊ शकतो याचा आधीच केलेला विचार. ऑडिट आले की हे कागद लागतात. अनेक ठिकाणी ते जुने कागद पाहून भरले जातात, कारण समजून करणारा माणूस नसतो. गेज घेऊन नग तपासणाऱ्या मुलाला हे येऊ लागले की त्याची वाट इन्स्पेक्शनपासून क्वालिटी इंजिनीअरच्या टेबलाकडे जाते. लगेच जाईल असे नाही, आणि एका प्रमाणपत्राने तर नाहीच. पण मुलाखतीत स्वतः काढलेले दोन चार्ट आणि त्यातून काय शोधले हे सांगता आले, तर फरक पडतो.

आणि टेबलाच्या त्या बाजूला पोहोचल्यावर खरी परीक्षा सुरू होते. महिन्याच्या मीटिंगमध्ये फळ्यावर पुन्हा चार नावे लिहिली जातील. सात, बारा, नऊ, पंधरा. त्या वेळी खडू आपल्या हातात असेल. आकडे लिहून झाले की त्यांच्यावर आणि खाली दोन रेषा मारा आणि सगळ्यांना दाखवा की चौघेही आत आहेत. मग पंधरावाल्याला खाली बसायला सांगा आणि कच्चा माल, मशीन आणि ट्रेनिंगचे कागद मागवा.